विश्लेषण : मार्कंड्याचा दगड प्रत्येक फोटोत वेगळा का दिसतो? ‘एचडीआर’चे गणित आणि चंद्रपूर-गडचिरोलीची वास्तुशिल्पे

महाशिवरात्रीची यात्रा आली, की गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडादेवचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. त्यातले कुठलेही दोन शेजारी ठेवून पाहा. एकात मंदिराच्या भिंती मधाच्या रंगाच्या, मूर्तींच्या कडा चाकूने कोरल्यासारख्या आणि मागे जांभळट ढग. दुसऱ्यात तीच भिंत काळपट, मूर्तींचे चेहरे सावलीत बुडालेले आणि आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे. वैनगंगेकाठचे मंदिर एकच, कदाचित वेळही एकच. मग दगडाचा खरा रंग कोणता?

या प्रश्नाचे उत्तर ‘हाय डायनॅमिक रेंज’ म्हणजेच एचडीआर या तंत्रात दडले आहे. आजकाल बहुतेक फोन हे तंत्र न विचारताच वापरतात. फोटो सुंदर येतो म्हणून कोणी तक्रारही करत नाही. पण जुन्या वास्तूंच्या बाबतीत ‘सुंदर’ आणि ‘खरा’ यातले अंतर महत्त्वाचे ठरते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत तर ते जास्तच.

डायनॅमिक रेंज म्हणजे काय?

एखाद्या दृश्यातला सर्वांत उजळ भाग आणि सर्वांत अंधारा भाग यांच्यातले गुणोत्तर म्हणजे डायनॅमिक रेंज. ते ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. गाभाऱ्यात समईच्या उजेडात तो १० लक्सही भरत नाही. म्हणजे फरक दहा हजार पट, साधारण १३ ते १४ स्टॉप. त्यात बाहेरचे आकाश उजळ आणि आतला दगड काळा असेल तर आणखी दोन-तीन स्टॉप सहज वाढतात.

आपला डोळा हे सांभाळून घेतो, कारण तो एका क्षणात सगळे पाहतच नाही. दारातून आत गेल्यावर काही क्षण दिसेनासे होते, मग बाहुली मोठी होते, डोळा सरावतो आणि मेंदू तुकडे जोडत बसतो. कॅमेऱ्याला ही सवड नसते. मोबाइलच्या नखाएवढ्या सेन्सरला एका फोटोत साधारण १० स्टॉप पेलतात. चांगल्या फुल फ्रेम कॅमेऱ्याला १३-१४. त्यापलीकडचे सगळे एकतर शुभ्र पांढरे होते किंवा ठार काळे. पुढची अडचण स्क्रीनची. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या असतात, तर कॅमेऱ्याच्या १४ बिटच्या ‘रॉ’ फाइलमध्ये १६,३८४. म्हणजे डोंगराएवढे दृश्य आधी पोत्यात भरायचे आणि मग ते पोते पिशवीत कोंबायचे, असा हा दुहेरी मामला आहे.

विजासनची लेणी : याहून अवघड परीक्षा नाही

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीजवळची विजासन लेणी हे एचडीआर समजून घ्यायला सर्वांत चांगले ठिकाण. टेकडीच्या पोटात सुमारे ७१ फूट सरळ आत गेलेला बोगदा, त्याच्या टोकाला बुद्धमूर्ती, आणि या मुख्य मार्गाला काटकोनात फुटलेल्या दोन दालनांच्या टोकालाही मूर्ती. ब्रिटिशकालीन गॅझेटियरने ही मापे नोंदवली आहेत.

आता थोडे गणित. तोंडातून आत येणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो असे ढोबळमानाने धरले, तर तोंडापासून सात फुटांवर जेवढा उजेड असेल, त्याच्या शंभरावा हिस्सा सत्तर फुटांवर पोचेल. हा फरक साडेसहा स्टॉपहून जास्त झाला. बाहेरचे ऊन आणि सात फुटांवरची सावली यांच्यातला फरक वेगळाच. टोकाच्या मूर्तीजवळ उभे राहून तोंडाकडे कॅमेरा रोखला, तर एकाच फोटोत बाहेरचे हिरवे झाड आणि आतल्या भिंतीवरचे छिन्नीचे घाव दोन्ही येणे एका एक्स्पोजरमध्ये शक्य नाही.

उपाय जुना आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे याने १८५०च्या दशकात समुद्र आणि आकाश यांच्या दोन वेगळ्या निगेटिव्ह जोडून एक फोटो छापला होता. आज तेच काम ‘ब्रॅकेटिंग’ने होते. एक फोटो मधल्या उजेडाला, एक दोन स्टॉप गडद, एक दोन स्टॉप उजळ. विजासनसारख्या जागी तीन पुरत नाहीत, पाच किंवा सात लागतात. एक नियम मात्र मोडायचा नाही : बदलायचा तो फक्त शटरचा वेग. अ‍ॅपर्चर बदलले की किती खोलीपर्यंतचा भाग स्पष्ट येतो तेच बदलते, आणि आयएसओ बदलला की दाणे बदलतात. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवला तर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो आणि पुढे जोडताना भिंतीवर पॅचेस पडतात.

१९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या साध्या फोटोंवरून दृश्यातल्या प्रकाशाचा नकाशा कसा काढायचा, ते गणिताने मांडले. मलिक मूळचे मथुरेचे, आयआयटी कानपूरचे. (‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’चा पेपर रडतखडत काढलेल्यांनाही त्यांचा हा शोधनिबंध बऱ्यापैकी समजतो, एवढा तो सोपा लिहिला आहे.) दहा वर्षांनी, २००७ मध्ये मर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाचा नकाशा न काढता प्रत्येक फोटोतला चांगला भाग उचलून थेट जोडण्याची ‘एक्स्पोजर फ्यूजन’ पद्धत आणली. मोफत मिळणारे ‘एनफ्यूज’ हे सॉफ्टवेअर याच पद्धतीवर चालते. वास्तूंच्या फोटोंसाठी ही दुसरी पद्धत बहुतेकदा जास्त नैसर्गिक निकाल देते.

मग फोन हे सगळे आपणहून करतो का?

करतो, पण वेगळ्या वाटेने. आयफोनमध्ये एचडीआर २०१० साली आले तेव्हा तीन एक्स्पोजर जोडले जायचे. गुगलच्या ‘एचडीआर प्लस’ने ही पद्धत बदलली. एकाच, मुद्दाम कमी ठेवलेल्या एक्स्पोजरचे अनेक फोटो क्षणार्धात घ्यायचे, ते एकमेकांवर बसवायचे आणि त्यांची सरासरी काढायची. कमी एक्स्पोजरमुळे आकाश जळत नाही, सरासरीमुळे सावलीतले दाणे कमी होतात. हात हलला तरी चालते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड आणि खास दिवे लावायला आधी परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे हातात धरून काढता येणारे हे तंत्र सामान्य पर्यटकासाठी वरदानच आहे.

चंद्रपूरच्या जटपुरा गेटखाली उभे राहून बाहेर पाहा. कमानीखालचा अंधार, पलीकडचे पांढरे ऊन आणि मधून अखंड जाणाऱ्या दुचाकी. जुन्या पद्धतीने तीन फोटो जोडले तर एकाच स्कूटीची तीन भुते दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘डीघोस्टिंग’चा पर्याय असतो. तो हलणाऱ्या भागापुरता एकच फोटो निवडतो, त्यामुळे तेवढा तुकडा जास्त दाणेदार येतो. इथे फोनचा बर्स्ट सरस ठरतो. मात्र गेटवर कोरलेले हत्तीवर झेपावणारे सिंहाचे गोंड राजचिन्ह टिपायचे असेल, तर एचडीआरच्या भानगडीत न पडता ऊन तिरपे पडेल अशी वेळ गाठलेली बरी. उठावाचे कोरीवकाम सावलीमुळेच दिसते. सावली उजळली की सिंह भिंतीत विरून जातो.

बिघडते कुठे?

खरी गडबड प्रक्रियेत, म्हणजे ‘टोन मॅपिंग’मध्ये होते. जोडलेल्या फोटोत १६-१७ स्टॉपची माहिती असते, ती स्क्रीनच्या मर्यादेत बसवायची असते. सगळीकडे सारखे दाबले तर फोटो मचूळ होतो. म्हणून सॉफ्टवेअर भागाभागाने काम करते : इथला दगड अंधारा, उजळव, तिथले आकाश उजळ, उतरव. ‘भाग’ कुठे संपतो हे ठरवताना त्याचा अंदाज शिखराच्या कडेवर चुकतो. दगड उजळताना शेजारचे आकाशही थोडे उजळते आणि शिखराभोवती पांढरट वलय उमटते. याला ‘हॅलो’ म्हणतात. देवाच्या तसबिरीमागे शोभते, मंदिरामागे नाही. गडचिरोलीतल्या वैरागड किल्ल्यासारख्या झाडीत दडलेल्या जागी तर प्रत्येक पानाभोवती असे वलय येते आणि पाने वाऱ्याने हलत असतील तर विचारूच नका.

दुसरा दोष दाण्यांचा. सावली चार स्टॉप उजळली म्हणजे तिथला सिग्नल १६ पट वाढवला. सिग्नलसोबत नॉइजही तेवढाच वाढतो. मग फोन तो पुसतो, आणि पुसताना दगडाचा खरखरीतपणा, छिन्नीचे घाव, शेवाळाचे डाग हेही जातात. भिंत गिलावा केल्यासारखी गुळगुळीत होते. त्यावर ‘स्ट्रक्चर’ किंवा ‘क्लॅरिटी’ची पट्टी उजवीकडे सरकवली की खोटा खरखरीतपणा परत येतो. स्नॅपसीडमधले ‘एचडीआर स्केप’ फिल्टर हे या सवयीचे सर्वांत लोकप्रिय रूप. नावात एचडीआर असले तरी ते एकाच फोटोवर काम करते. जी माहिती फोटोत टिपलीच नव्हती, ती ते आणणार कुठून?

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. फोटो ‘सुधारणारी’ एआय साधने आता झिजलेल्या चेहऱ्याला नाक-डोळे काढून देतात. माणसाच्या जुन्या फोटोत हे चालून जाईल. नाक तुटलेल्या अप्सरेला नवे नाक देणे म्हणजे मूर्तीची चुकीची नोंद करणे.

पण एवढे मनावर का घ्यायचे?

कारण मार्कंडा. साधारण नवव्या ते बाराव्या शतकातला, ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणून ओळखला जाणारा हा मंदिरसमूह. वीज पडून मुख्य मंदिराच्या शिखराचा वरचा भाग मंडपाच्या छतावर कोसळला आणि पुढे गोंड राजवटीत त्याची डागडुजी झाली, असे सांगितले जाते. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ दरम्यानच्या आपल्या मध्य प्रांताच्या दौऱ्यांच्या अहवालात या मंदिरांची दखल घेतली. गेल्या दशकात पुरातत्त्व विभागाने मुख्य मंदिराच्या जतनासाठी वरचे दगड उतरवले आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. भाविकांच्या एका पिढीने हे मंदिर शिखराविना आणि परातीत वेढलेलेच पाहिले.

अशा वेळी दगड उतरवण्यापूर्वीचा प्रत्येक फोटो दस्तऐवज होतो. विभागाकडे स्वतःच्या नोंदी असतातच, पण पर्यटकांचे फोटो वेगळ्या कोनातून, वेगळ्या वर्षी, वेगळ्या ऋतूत काढलेले असतात. २०१५ मध्ये इराकमधल्या मोसुल संग्रहालयातल्या मूर्ती फोडल्या गेल्या, तेव्हा ‘प्रोजेक्ट मोसुल’ने जुन्या पर्यटकांचे फोटो गोळा करून त्यांवरून त्रिमिती प्रतिकृती उभ्या केल्या. हे ‘फोटोग्रामेट्री’ने होते : एकाच मूर्तीचे अनेक कोनांतले फोटो घेऊन सॉफ्टवेअर समान बिंदू शोधते. एका फोटोत सावली उजळलेली, दुसऱ्यात तीच काळी, तिसऱ्यात पोत पुसलेला असेल, तर बिंदू जुळणे अवघड होते आणि रंग तर जुळतच नाहीत. भडक एचडीआर केलेला फोटो भिंतीवर लावायला छान असेल, या कामाला तो जवळपास निरुपयोगी.

चंद्रपूरच्या परकोटाचेही तेच. सुमारे ११ किलोमीटरचा हा कोट, चार दरवाजे, पाच खिडक्या. २०१७ पासून ‘इको-प्रो’च्या स्वयंसेवकांनी त्यावरची झाडेझुडपे आणि कचरा काढला. अशा कामात ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो शेजारी ठेवले जातात. ‘आधी’चा साधा आणि ‘नंतर’चा एचडीआर असेल, तर भिंत किती स्वच्छ झाली आणि किती फोनने स्वच्छ केली, हे कळणार कसे? लोकांनी घाम गाळून केलेल्या कामावर उगाच शंका येते.

आकाश निळे करायचे की नाही?

हा प्रश्न चंद्रपूरकरांना विशेष लागू आहे. शहराजवळ २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे, भोवती कोळसा खाणी आणि सिमेंट कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांमध्ये चौथे होते. हिवाळ्यातल्या सकाळी परकोटावरून काढलेल्या फोटोत क्षितिज राखाडी येते ते कॅमेऱ्याच्या दोषामुळे नाही.

प्रत्येक संपादन अ‍ॅपमध्ये ‘डीहेझ’ची पट्टी असते. त्यामागचा एक प्रसिद्ध सिद्धांत २००९ मध्येच मांडला गेला : धुरके नसलेल्या फोटोच्या बहुतेक भागांत लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा रंग जवळजवळ शून्य असतो, तो शून्य नसेल तर तेवढे धुरके, ते वजा करा. हुशार कल्पना आहे. जंगलातल्या दवाच्या धुक्यावर ती खुशाल वापरावी. पण चंद्रपूरच्या आकाशातून राख आणि धूळ वजा करून ते पर्यटनाच्या पोस्टरवर लावणे हा निव्वळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. थोडे डीहेझ ठीक, आकाशच बदलणारे बटण नको, असे या लेखकाचे मत.

अंधार उजळण्यालाही मर्यादा असाव्यात. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गावांत गोटुल असतात, लाकडी खांबांवर उभे आणि आत गार अंधार. तिथे फोटोसाठी गावाची परवानगी घ्यायची, हे पहिले. आणि आत कोणी बसले असेल, तर सात स्टॉप उजळून त्याचा चेहरा जगाला दाखवायची आपल्याला गरज आहे का, हे दुसरे. सावलीत बसलेल्या माणसाने सावली निवडलेली असू शकते.

मग करावे काय?

आधी वेळ. मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांच्या घरात असताना दुपारी मार्कंड्याला गेलात तर फोन आधी तापेल, मग कॅमेरा बंद पडेल. सकाळच्या पहिल्या दोन तासांत प्रकाशातला फरक निम्म्या स्टॉपांनी नाही तरी तीन-चार स्टॉपांनी कमी असतो आणि अर्धे एचडीआर तिथेच वाचते.

फोन असेल तर फोटोतल्या महत्त्वाच्या दगडावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतात. मग आकाश जळणार नाही इतका उजेड खाली ओढा. लाइटरूमच्या मोबाइल अ‍ॅपमधला कॅमेरा रॉ स्वरूपात एचडीआर जोडून देतो. ट्रायपॉड नाही, तर पिशवी जमिनीवर ठेवून तिला फोन टेकवा, नाहीतर कोपरे अंगाला चिकटवून श्वास सोडताना बटण दाबा. विजासनमध्ये हे करून पाहण्याजोगे आहे. मूर्तीला, भिंतीला टेकायचे नाही.

रंगासाठी एक स्वस्त युक्ती. छायाचित्रणाच्या दुकानात करडे कार्ड मिळते. ते दगडाच्या शेजारी जमिनीवर ठेवून एक फोटो वेगळा काढायचा. घरी आल्यावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्या करड्यावर टेकवला की बाकीच्या फोटोंनाही तीच सेटिंग लावता येते. गाभाऱ्यात एलईडी पिवळा आणि दारातून येणारा उजेड निळसर असतो, तिथे कोणताही एक रंग खरा नसतो. दिवा बंद करायची विनंती पुजारी बहुतेकदा मान्य करतात.

प्रक्रियेत हायलाइट उतरवा, शॅडो उचला, पण गाभाऱ्याचे दार काळेच राहू द्या. दार काळे नसेल तर आत खोली आहे हे डोळ्याला कळत नाही. सॅच्युरेशनला हात लावू नका. क्लॅरिटी वाढवायचीच तर दहा-पंधराच्या वर नको. मग फोटो शंभर टक्के मोठा करून शिखराच्या कडेवर वलय आहे का, ते पाहा.

आणि पाठवताना काळजी घ्या. अँड्रॉइड १४ पासून आलेल्या ‘अल्ट्रा एचडीआर’ फोटोंत साध्या जेपेगसोबत जास्तीच्या उजेडाचा एक नकाशा दडलेला असतो. तो नव्या स्क्रीनवरच दिसतो, आणि वाटेतल्या अ‍ॅपने काढून टाकला तर समोरच्याला फिकट फोटो मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास तारीख आणि ठिकाणाची नोंदही गळून पडते. मार्कंड्याच्या जुन्या फोटोचे अर्धे मोल त्याच्या तारखेत आहे. तेव्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि मूळ रॉ फाइली पुसू नका. १२ मेगापिक्सेलच्या तीन फ्रेम मिळून साधारण ७५ एमबी होतात. लग्नाच्या एका व्हिडिओपेक्षा कमीच.